वाकडं अंगण

४ जून

ती. आईंना,

नमस्कार. साष्टांग पुढच्या पत्रात घालीन, सध्या कंबर धरली आहे.

तुम्ही फोन उचलत नाही. उचललात तर "हॉलमध्ये गिऱ्हाईक आहे" म्हणून ठेवून देता. म्हणून हे पत्र. लग्न होऊन सहा वर्षं झाली, तुमच्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. तुम्हीही काही दिलं नाहीत, तेव्हा फिटंफाट. आज मात्र मागते आहे.

गेल्या महिन्यात आमच्या क्लबच्या पूल स्पर्धेत मी हरले, ती केवळ ब्रेकमुळे, डाव फोडायच्या पहिल्या फटक्यामुळे. मी ब्रेक कसा करते ते तुम्ही एकदा पाहिलं आहे. तेव्हा म्हणाला होतात, "ही बाई बॉल फोडतेय की सरपण?" पांढरा बॉल मधोमध ठेवायचा आणि अंगातला सगळा जोर लावायचा, मला एवढंच येतं. नीट लागला तर नऊपैकी तीन-चार बॉल एका दमात पडतात. नाही लागला तर पांढरा बॉल उडतो. शेवटच्या डावात तो उडाला आणि क्लबच्या अध्यक्षीणबाईंच्या चपलेपाशी जाऊन थांबला. बाईंनी तो उचलून माझ्या हातात दिला आणि "लागलं नाही हो" म्हणाल्या. पुढचा सगळा डाव मी खुर्चीत बसून दुसरीचा खेळ बघितला. ब्रेकला एकही बॉल पडला नाही, तर दुसरं करणार काय?

ऑक्टोबरात राष्ट्रीय संघाची निवड स्पर्धा आहे. पहिल्या दोघी संघात, तिसरी राखीव. मी चौतीस वर्षांची आहे. पुढच्या निवडीला माझ्या जागी कुणीतरी शाळकरी पोर असेल, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून हीच खेप.

तुमच्या पूल हॉलमध्ये कुणीच जोरात फोडत नाही. "जोरात फोडू नये" असा फळाच लावलाय तुम्ही भिंतीवर. तरी तुमचे रोजचे गडी, लांब्या काय, न्हावी काय, ज्यानं त्यानं नुसता धक्का दिला की कडेचा बॉल पॉकेटात. हे कसं करता, तेवढं लिहा.

तुमच्या मुलाला विचारलं असतं, पण या खेळाचं नाव काढलं की ते उठून गॅलरीत जातात. ते एकेकाळी खेळायचे, हेसुद्धा मला तुमच्या न्हाव्याकडून कळलं. तेव्हा हे पत्र आपल्या दोघींतच राहू दे.

तुमची सून

१२ जून

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. कंबर शेक.

अडला हरी म्हणतात तसं झालं. गाढव कोण, ते ओघानं आलंच.

शाळेत पोरांना उड्या मारायला शिकवतेस, म्हणून टेबलावरही उड्याच मारायच्या असं तुला वाटतं. अगं, ब्रेक म्हणजे दाराला लाथ घालणं नव्हे. घरात कुणी झोपलेलं असताना आपण दार कसं लोटतो? तेवढाच जोर. पांढरा बॉल मधोमध ठेवायचा नाही, टेबलाच्या डाव्या काठाच्या कुशनपासून वीतभर ठेवायचा. टोकाच्या एक नंबरच्या बॉलला अगदी समोरासमोर भिडायचं नाही, जरासा बाजूनं कापून घ्यायचा. मग कडेचा बॉल आपल्या पायांनी चालत कोपऱ्यातल्या पॉकेटात जातो, एक नंबर मधल्या पॉकेटाच्या तोंडाशी येतो आणि पांढरा टेबलाच्या मध्यावर शहाण्यासारखा उभा राहतो. पुढे सगळं वाढून ठेवलेलं ताट. जेवता आलं म्हणजे झालं.

तुझे सासरे गेले तेव्हा आख्खी गल्ली सांगत होती की बाई, टेबल विका आणि खालच्या सायकलवाल्याला जागा भाड्यानं द्या. मी विकलं नाही, खेळायला शिकले. त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हातानं कापड बसवलं होतं. बावीस वर्षं झाली, तेच आहे. विरलंय, पण फाटलेलं नाही. कारण मी रोज सकाळी त्याची निगा राखते आणि तुझ्यासारखीला त्याच्यावर घाव घालू देत नाही. या ब्रेकनं मला या टेबलावर अजून कुणी हरवलेलं नाही. बाहेर जाऊन खेळायची मला कधी गरज पडली नाही. विहिरीला कुणी तहानलेल्याकडे चालत जा म्हणतं का?

महिनाभर घोट. आणि येईल असा फार भरवसा धरू नकोस. तो हात लागतो.

तुझी सासू

२ जुलै

ती. आईंना,

नमस्कार. कंबर बरी आहे.

घोटलं. रोज शाळा सुटल्यावर क्लबात जाऊन घोटलं. वीतभर म्हणालात तर वीत मोजून पांढरा बॉल ठेवला, कापून मारला, झोपलेल्या घराचं दार लोटलं. बॉल उठले, जरा सैलावले आणि होते तिथेच बसले. कडेचा बॉल आपल्या पायांनी चालतो म्हणालात ना? माझा दोन पावलं टाकून दम खातो. जोर वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. शेजारच्या टेबलावरच्या मुली आता मला बघायलाच येतात.

आमच्याकडे बॉल लाकडी त्रिकोणात लावतात, निवड स्पर्धेतही तसेच लावणार. कापड दर वर्षी नवं असतं. त्यामुळे टेबलात खोट आहे म्हणायला जागा नाही. मग उरलं काय? तुम्ही काहीतरी हातचं राखून सांगितलं आहे. मनगटाचं काही आहे का? क्यूच्या काठीच्या टोकाचं? सासूनं सुनेला आमटीचं प्रमाण चुकीचं सांगावं, हे समजू शकते. पण माझ्या हातात तीन महिने आहेत.

तुमची सून

९ जुलै

चि. सूनबाईस,

हातचं राखलं म्हणतेस? हात तरी आहे का तुला?

सरळ सांगते. नाचता येईना, अंगण वाकडं. तू तर त्याच्याही पुढची. तुझं अंगण सरळ आहे, हे तूच लिहून देतेस.

माझ्या हॉलमधून जो कुणी बाहेर खेळायला गेला, तो हरूनच आला आणि हेच रडगाणं घेऊन आला. न्हावी म्हणाला, तिथलं टेबल दमट होतं. लांब्या म्हणाला, बॉल हलके होते. इथे वाघ आणि वेस ओलांडली की शेळ्या. मी प्रत्येकाला हेच वाक्य ऐकवलं. तुझ्या नवऱ्यालाही सोडलं नाही. एकोणीस वर्षांचा होता. तू आता जिथे खेळणार आहेस, त्याच ठिकाणी निवडीला गेला होता. चांगला खेळायचा, खोटं कशाला बोलू? माझ्यानंतर हॉलमध्ये तोच होता. पहिल्या फेरीतच हरून आला. बॅगही खाली ठेवली नव्हती, म्हणाला, "आई, आपला ब्रेक तिथे चालतच नाही. टेबलातच काहीतरी आहे." हॉलमध्ये दहा माणसं बसली होती. त्यांच्यादेखत सांगितलं, नाचता येईना अंगण वाकडं. सगळे पोट धरधरून हसले. त्यानंतर त्यानं क्यूला हात लावला नाही, चष्म्याच्या काचा घासायला शिकला. ज्याला एक वाक्य सोसत नाही, त्याला खेळ काय सोसणार?

तुलाही सोसत नसेल तर तूही काहीतरी दुसरं शिक. तुमच्या घरात आधीच एकानं सोडलंय, दुसरीला जड जाणार नाही.

तुझी सासू

१५ जुलै

ती. आईंना,

तुमचं पत्र आलं. या वेळी मी ते यांना दाखवलं. दोघींतच ठेवायचं असं मीच म्हटलं होतं, पण वाचून मी ते ओट्यावर आपटलं आणि त्यांनी विचारलं काय झालं.

वाचून त्यांनी घडी घातली आणि म्हणाले, "आईचं बरोबर होतं. मला येत नव्हतं." इतक्या शांतपणे म्हणाले की मला आरडाओरडा करावासा वाटला. पंधरा वर्षं हा माणूस ते वाक्य खरं मानून बसला आहे. मुलगा नव्हता का तुमचा? दहा माणसांना हसवायला दुसरं कुणी मिळालं नाही?

मला राग आला आहे आणि तो लपवायची माझी इच्छा नाही. शनिवारी येते, एकटीच. तुमच्या टेबलावर, तुमच्यासमोर, तुमचाच ब्रेक करणार. कडेचा बॉल नाही पडला, तर तुमच्याकडून खरी गोष्ट काढून घेतल्याशिवाय उठणार नाही. पडला, तर तुमच्या पाया पडेन. कंबर दुखली तरी.

सून

२४ जुलै

ती. आईंना,

तुमच्या पाया पडले होते. तो नमस्कार मी परत मागते आहे.

शनिवारी पहिल्याच फटक्याला कडेचा बॉल पडला. दुसऱ्यालाही पडला. मग मी डोळे मिटून मारला, तरीही पडला. तुम्ही खुर्चीत मान डोलावत होतात, "बघ, माझ्यासमोर आलीस तर हात कसा सुधारला." मीही हुरळले, कबूल करते. रात्री झोपताना वाटलं, आपणच चुकलो, उगाच म्हातारीला लागेल असं लिहिलं.

रविवारी सकाळी तुमची निगा पाहिली. तुम्ही नऊ बॉल त्रिकोणात लावलेत, त्रिकोण उचललात आणि हातात जास्तीचा बॉल घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर ठक ठक करत गेलात. मी विचारलं, हे काय? तर म्हणालात, "थोपटून बसवावे लागतात, नाही तर रुसतात." तुमच्या चेहऱ्यावर इतकी माया मी आजवर पाहिली नव्हती. माझ्या वाट्याला तर नाहीच आली.

दुपारी जेवून तुम्ही आडव्या झालात, तेव्हा मी बॉल उचलून बाजूला ठेवले. खिडकीतून तिरपं ऊन पडलं होतं. आई, त्या कापडात नऊ खळगे आहेत. डोळ्यांना नुसते डाग वाटतात, पण तळहात फिरवला की एकेक हाताला लागतो. बावीस वर्षं तुम्ही त्यांना थोपटता आहात, दुसरं होणार काय? तिथे बॉल कसेही टाकले तरी आपापल्या खळग्यात जाऊन एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. चिकटलेले असले की हलका धक्काही आरपार जातो आणि कडेचा बॉल सुटतो. नव्या कापडावर त्यांच्यात केसाएवढी फट राहते आणि तुमचा सगळा नाजूकपणा त्या फटीत मरतो.

म्हणजे तो ब्रेक तुमचा नाहीच. टेबलाचा आहे. तिथे मांजर चढवलं तरी कडेचा बॉल पडेल. त्यावर तुम्ही बावीस वर्षं मिशी नसताना मिशीला पीळ देत आलात. तुमच्याकडे शिकला तो बाहेर जाऊन हरणारच होता. न्हावीही आणि लांब्याही. आणि एकोणीस वर्षांचा एक मुलगा, ज्यानं तुम्हाला तोंडावर खरं सांगितलं होतं.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. एक बॉल घ्या, खळग्यापासून बोटभर दूर ठेवा आणि हात काढा. काय होतं ते बघा.

यांना मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं आहे. त्यांचं हसं तुम्ही केलं होतंत, तेव्हा तोंडही तुम्हीच उघडा.

सून

५ ऑगस्ट

चि. सूनबाईस,

पाहुणी म्हणून आलीस, मी डोळा लावला आणि तू माझ्या टेबलाची झडती घेतलीस. छान. तुझ्या आईनं हेच शिकवलं असणार.

मला सांगतेस, बॉल ठेवून बघा. साठी आली माझी. आता तुझ्या सांगण्यावरून दुपारची दारं लावून गोट्या खेळत बसू? माझ्या नवऱ्यानं बसवलेल्या कापडात खळगे, माझ्या ब्रेकला मांजर, आणि शहाणी एकटी तू. तू उड्या मारायला शिकव. तिथेच शोभतेस.

तुला वाटतं मी घाबरले. मग हे ऐक. निवड स्पर्धेला मी नाव दिलं आहे. वयाची अट नाही, मी विचारून घेतलं. न्हावी, लांब्या आणि आणखी आठ-दहा जण येणार आहेत बघायला, हॉल त्या दिवशी बंद. माझा ब्रेक मी तुम्हा सगळ्यांच्या नाकावर टिच्चून करणार आहे, डाव्या कुशनपासून वीतभर, आजवर केला तसाच. माझं जे काही म्हणणं असेल, ते मी तिथे टेबलावर मांडीन.

त्यालाही घेऊन ये. काहीही सबब सांगेल, ऐकू नकोस. आणि पुढच्या रांगेत बसव. मागे खांबाआड उभं राहायची त्याला लहानपणापासून खोड आहे.

सासू

१९ ऑगस्ट

ती. आईंना,

म्हातारपणी हट्ट वाढतो हे ऐकून होते, पण इतका?

तुमच्यावर दया करावी असं तुम्ही काही लिहिलेलं नाही, तरी लिहिते. नाव मागे घ्या. तिथे नवं कापड आहे, पंच बॉल लावतात, आणि समोर अशा मुली असतात ज्यांना हसायला निमित्त लागत नाही. तुमचं हसं होईल. मला त्यात आनंद वाटेल असं मला वाटलं होतं, पण वाटत नाही, आणि याचाही मला राग येतो आहे. निदान तो ब्रेक तरी करू नका.

मी माझ्यापुरतं जमवलं आहे. पांढरा बॉल तुमच्या जागी ठेवते, डाव्या कुशनपाशी. जोर माझा, पण सगळा नाही, तीन हिश्शांतले दोन हिस्से. एवढ्यात बॉल फुटतात आणि पांढरा टेबलावर राहतो. सगळा जोर लावण्याचा मोह आवरणं हेच सगळ्यात अवघड गेलं. हवं तर तुम्हीही तसाच करा. माझ्याकडून शिकलात म्हणून कुणाला सांगणार नाही.

आश्चर्य म्हणजे हे यायला तयार झाले. तुमच्या पत्रातलं शेवटचं तेवढं मी त्यांना दाखवलं, ते "पुढच्या रांगेत" या शब्दांवर थांबले आणि "जाऊ" म्हणाले. आईचा विजय बघायची हौस असेल.

सून

१४ ऑक्टोबर

ती. आईंना,

तुम्ही माझ्या ऑगस्टच्या पत्राला उत्तर दिलं नाहीत आणि परवा न भेटताच निघून गेलात. न्हाव्यानं सांगितलं, ताई बसमध्ये जाऊन बसल्यात. तिथे काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. पण पुढच्या रांगेतून ते कसं दिसलं हे माहीत नाही, म्हणून लिहिते.

तुमच्यासमोर दातांना तार लावलेली ती पोरगी आली तेव्हा लांब्या मोठ्यानं म्हणाला, "बिचारी!" तुम्ही पांढरा बॉल डाव्या कुशनपासून वीतभर ठेवलात. तुमचे सगळे लोक सरसावून बसले. तुम्ही धक्का दिलात. बाकावर आणखी कुणी बसायला आलं की माणसं सरकतात, तेवढे बॉल सरकले. एकही पडला नाही. पोरगी उठली आणि एकामागून एक सगळे बॉल पाडून गेली.

पुढच्या ब्रेकला मला वाटलं, आता तरी जागा बदलतील, जोर लावतील. तुम्ही पुन्हा तिथेच, तसाच. त्याच्या पुढेही तसाच. मागे मुली खिदळायला लागल्या. मी नख चावत होते आणि मनात तुम्हाला शिव्या देत होते, शाळेत पोरांनाही देत नाही तशा. डाव संपला. तुम्ही त्या पोरीचा हात हातात घेऊन "छान खेळलीस" म्हणालात. तेवढ्यात न्हावी ओरडला, "ताई, टेबलच खराब आहे त्यांचं!"

तुम्ही वळलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "टेबल उत्तम आहे. गप बस."

लोक हसले. आई, हे हसले नाहीत. उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले, तर बेसिनपाशी तोंड धूत होते. बराच वेळ धूत होते. मग म्हणाले, "प्रत्येक वेळी तिथूनच मारला तिनं." मी म्हटलं, हट्ट, दुसरं काय? ते म्हणाले, "हट्टाच्या वेळी ती खालचा ओठ चावते. आज चावला नाही."  घरी येताना मला विचारलं, तू गेली होतीस तेव्हा टेबलात काय पाहिलंस? मी सांगितलं. माफ करा, ते तुम्ही सांगायचं ठरलं होतं.

मी तिसरी आले. म्हणजे राखीव, कुणाचा पाय मुरगळला तर. ब्रेक मात्र एकदाही फुकट गेला नाही. त्यातली जागा तुमची होती, नाकारत नाही.

मला एकच सांगा. जुलैतलं माझं पत्र आल्यावर तुम्ही बॉल ठेवून बघितला होता का?

तुमची सून

२६ ऑक्टोबर

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. राखीव तर राखीव. लोणचंही राखीवच असतं, वेळेला तेच कामाला येतं.

बघितला होता. पत्र आलं त्याच दुपारी, दार लावून. बोटभर दूर ठेवला, हात काढला. गेला आणि बसला. दुसरा ठेवला, तोही गेला. नऊच्या नऊ जाऊन बसले, आईबापांचं ऐकणाऱ्या पोरांसारखे. मला इतका राग जन्मात आला नव्हता. टेबलाचा नाही, तुझाच. त्या रागातच ते पत्र लिहिलं. पण नाव आधी नोंदवलं आणि पत्र मग लिहिलं, एवढं ध्यानात घे.

मग आलात कशाला, असं विचारशील. घरी बसून त्याला चार ओळी लिहिल्या असत्या तर त्यानं घडी घालून ठेवल्या असत्या. दहा माणसांदेखत बोललेलं पोस्टानं परत घेता येत नाही. त्याला दहा माणसं लागतात. म्हणून ती बरोबर नेली. त्याला ते कळलं, तुला कळलं नाही. सहा वर्षं माझ्या मुलासोबत राहून तू एवढंच शिकलीस.

आता कामाचं. कापडवाल्याला बोलावून जुनं कापड उतरवलं. तुझ्या सासऱ्यांनी मारलेला एकेक खिळा निघताना मी शेजारी उभी होते. रडले. तुला सांगायला हरकत नाही, तू कुणाला सांगितलंस तरी कोण विश्वास ठेवणार? नऊ खळग्यांचा तुकडा कापून पार्सलनं पाठवते आहे. तो त्याला दे. त्याला म्हणावं, अंगण वाकडं होतं, म्हणूनच आम्ही सगळे इतकं छान नाचत होतो. तू सरळ अंगणात जाऊन पडलास आणि खरं तेच बोललास. पण तेवढ्यानं फुगू नकोस म्हणावं, बचावाचे फटके तू तेव्हाही भिकार मारायचास. ते टेबलाच्या माथी मारता येणार नाहीत.

भिंतीवरचा फळा उतरवला. त्याच्याखाली भिंतीचा मूळ रंग निघाला, चांगला होता.

नवं कापड बसून आठवडा झाला. हॉल बंद ठेवलाय. न्हावी रोज जिना चढून येतो, दार वाजवतो आणि शिव्या खाऊन परत जातो. अजून कुणाला ब्रेक करू दिलेला नाही, मीही केलेला नाही. सकाळी हात शिवशिवतात थोपटायला. पदर खोचून केर काढते.

त्याचा क्यू माळ्यावर होता. काढला, पुसला आणि फरशीवर लोटून बघितला. इतकी वर्षं उष्णतेत पडलेला, म्हटलं वाकला असेल. सरळ आहे.

पहिला ब्रेक त्याचा. मधून मारायचा असेल तर मधून, कडेनं मारायचा असेल तर कडेनं. जोरात मारायचा असेल तर जोरात मार म्हणावं. कापड फाटलं तर फाटलं.

तुझी सासू